रूटचा पासवर्ड कुणाकडे?

दोस्तांनो,

हा अंक दीड महिना उशिरा निघतोय. वर्गणीचं रडगाणं नेहमीचं आहे, ते या वेळी गात नाही. यंदा अंक पैशानं अडला नाही, मशीननं अडला. आणि खरं सांगायचं तर मशीननंही नाही, माझ्यामुळं अडला. त्याचा हिशेब मी तुम्हाला देणं लागतो.

आधी एक तारीख. १४ ऑक्टोबर. ही तारीख आपल्याला १९५६ पासून पाठ आहे. अहेरीकडची माणसं १५-१६ ऑक्टोबरला चांद्याच्या दीक्षाभूमीवर जातात, कारण नागपूरनंतर बाबासाहेब १६ तारखेला चांद्याला आले. २०२५ साली याच १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची देखभाल बंद केली. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चीप लागते, कमीत कमी ४ जीबी मेमरी लागते, आणि प्रोसेसर साधारण २०१८ नंतरचा लागतो. ज्याच्याकडं हे नाही त्यानं काय करायचं? नवं मशीन घ्यायचं. जुनं चालतंय, अक्षर उमटवतंय, तरी ते मेलं असं कंपनीनं जाहीर केलं. जिवंत माणसाला मेलेलं ठरवायची रीत आपल्याला नवी नाही. आता ती यंत्रालाही लागू झाली.

मी गोदीत माल उचलणारा माणूस. मॅट्रिक झालो आणि आकडी हातात घेतली. जुन्या कॉम्प्युटरांची खोकी माझ्या पाठीवरून गेलीत. चालू मशीन आणि बंद मशीन, पाठीला दोन्हीचं वजन सारखंच. पुढं त्यांचं काय होतं तेही बघितलंय. भंगारात तांब्यासाठी वायरी जाळतात. तो धूर कुणाची पोरं खातात ते मला विचारू नका. स्वतःला विचारा.

तर अशाच भंगारातून तीन मशीनं निवडली. माझं आजोळ अहेरीचं. तिथं विहाराच्या मागं एक खोली आहे, पोरं अभ्यासाला बसतात. बौद्धांची आहेत, गोंड-माडियांची आहेत, सिरोंच्याकडून आलेली तेलुगू बोलणारीही आहेत. ती मशीनं रेल्वेनं बल्लारशापर्यंत नेली, पुढं एसटीनं आष्टी, आलापल्ली, अहेरी. एसटीत कंडक्टर म्हणाला, टीव्ही हाये का? म्हटलं, होय, पण यात आपण लिहिलेलं दिसतं.

तीन मशीनांची कुंडली सांगतो. पहिलं पेंटियम ४ चा डेस्कटॉप, मेमरी ५१२ एमबी. दुसरं २००८ च्या सुमाराचा चिमुकला लॅपटॉप, ॲटम एन२७०, मेमरी १ जीबी. तिसरं कोअर २ ड्युओ, मेमरी २ जीबी. पहिली दोन ३२-बिटी, तिसरं ६४-बिटी. ३२-बिटी म्हणजे एका खेपेत लहान ओझं उचलणारा हमाल, ६४-बिटी म्हणजे थोरलं उचलणारा. थोरल्यासाठी बांधलेलं गाठोडं लहानग्याला उचलतच नाही. पुढचं सगळं भांडण या एका गोष्टीवरून आहे.

काही मित्र म्हणाले, कशाला डोकं लावतोस, दुकानदाराकडून चोरीची विंडोज टाकून घे, दोनतीनशे रुपयांत काम होतं. नाही टाकली. पोलिसाची भीती म्हणून नाही. चोरीची प्रत टाकली की आपण गुपचूप वापरणारे, लपून पाणी भरणारे. महाडला १९२७ साली आपली माणसं रात्री लपून पाणी प्यायला गेली नव्हती. भर दिवसा गेली, हक्क म्हणून गेली.

आणि हक्काचं पाणी उपलब्ध आहे. युनिक्स नावाची प्रणाली १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. मालकी टेलिफोन कंपनीची, एटी अँड टीची. तिच्यासारखीच पण सगळ्यांची अशी प्रणाली लिहायची हाक रिचर्ड स्टॉलमननं १९८३ मध्ये दिली. तिचं नाव ग्नू. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्यानं एक गाभा लिहिला, जो पुढं तिला जोडला गेला, तो लिनक्स. दुसरीकडं बर्कलीच्या विद्यापीठात युनिक्सचीच एक शाखा वाढली होती, तिच्यातून १९९३ मध्ये नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी निघाल्या, आणि पुढं नेटबीएसडीतून फुटून ओपनबीएसडी.

दोन घराण्यांचा कायदा वेगळा, तो आपल्या पोरांनी समजून घ्यावा. लिनक्सचा करार म्हणतो: तळ्यातून पाणी ने, त्यात भर घाल, पण जे दुसऱ्याला देशील ते उघडंच दे, कुलूप लावून नाही. बीएसडीचा करार म्हणतो: ने, घरी नेऊन कुलूप लाव, आमची हरकत नाही, फक्त आमचं नाव ठेव. म्हणून ॲपलनं बीएसडीचे तुकडे आपल्या बंद घरात वापरले, सोनीच्या प्लेस्टेशन ४ च्या पोटात फ्रीबीएसडी आहे. दोन्ही तळी उघडी. पण एका तळ्याचं पाणी बाटलीत भरून विकता येतं. मी कुठल्या बाजूला आहे ते सांगायला नको. तरी मशीनच्या निवडीत मी हा झेंडा पुढं केला नाही. आपल्याला खोली चालवायची होती.

आता एकेक करून सांगतो. आम्ही टाकून बघितलं, काढून बघितलं, पुन्हा टाकलं.

टायनी कोअर. सगळी प्रणाली पंचवीस एमबीच्या आसपास. एका फोटोएवढी! पेंटियमवर डोळ्याचं पातं लवायच्या आत उभी. पण उभी राहिली ती उघडीबंब. मराठी अक्षर हवं, आणा. वायफाय हवं, आणा. एकेक गोष्ट नेटवरून ओढायची, आणि अहेरीत नेट पावसाळ्यातल्या एसटीसारखं, येईल तेव्हा येईल. जाणकाराला खेळणं आहे, खोलीला नाही.

पपी. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलरनं सुरू केलेली. पेनड्राइव्हवरून उठते, सगळी मेमरीत जाऊन बसते, त्यामुळं जुन्या मशीनलाही पाय फुटतात. पोरं खूश. पण मेमरीतलं काम पेनड्राइव्हवर जतन करावं लागतं. एका माडिया पोरीनं तिच्या आजीच्या तोंडचे शब्द, झाडांची नावं, पक्ष्यांची नावं दोन तास बसून टाईप केली. लाईट गेली. सगळं गेलं. जतन कसं करायचं ते मी दाखवलंच नव्हतं, चूक माझी. पण ज्या गावात लाईट न सांगता जाते तिथं काम मेमरीत ठेवणारी प्रणाली नको, हे त्या दिवशी कळलं. शिवाय पपीत जो बसेल तो रूट, म्हणजे सर्वाधिकारी. एकट्याच्या मशीनला चालेल. पंधरा पोरांच्या खोलीत एकाच्या बोटाची चूक सगळ्यांना भोगावी लागते.

नेटबीएसडी. हिच्याबद्दल मला आदर आहे. जगानं टाकून दिलेलं कुठलंही यंत्र दाखवा, ही त्याच्यावर चालायला बघते. १० वी आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली, ती जुन्या ३२-बिटीवरही चालते. ओपनबीएसडीनं २०२५ च्या आवृत्तीतही ३२-बिटीला घरात ठेवलं, आणि तिच्या माहितीपुस्तिका इतक्या नीट की माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीलाही वाट सापडली. पण लावणं सगळं अक्षरी पडद्यावर, आणि अडलं तर विचारायला अहेरीत, चांद्यात, नागपुरातही मला कोणी भेटलं नाही. लिनक्सवाला निदान एखादा कॉलेजचा पोरगा भेटतो. फ्रीबीएसडीचा प्रश्न तिनं स्वतःच मिटवला. डिसेंबर २०२५ च्या १५ व्या आवृत्तीपासून ३२-बिटी पेंटियमच्या घराण्याला दार बंद.

बॉस. सी-डॅकनं २००७ मध्ये काढलेली आपली सरकारी भारतीय लिनक्स, डेबियनवर बांधलेली. नावच बॉस! गोदीत बॉस खूप बघितलेत, म्हणून पोरं हसली. हसण्यावारी नेऊ नका, भारतीय भाषांसाठी तिच्यात कष्ट आहेत. पण आमच्या ३२-बिटी मशीनांच्या ओझ्याची ती नव्हती.

लिनक्स मिंट, लुबुंटू. दिसायला सोप्या, विंडोजवरून आलेल्याला परकं वाटत नाही. पण मिंटला २ जीबी ही किमान मेमरी, आणि लुबुंटूनं १९.०४ पासून ३२-बिटी काढणं सोडलं. कोअर २ ड्युओ असेल त्यानं बघावं.

मग राहिली डेबियन, आणि तिच्या पोटातून निघालेली अँटीएक्स. डेबियन १९९३ पासून, कंपनीची नाही, स्वयंसेवकांची. १२ वी आवृत्ती जून २०२३ ची, ३२-बिटीवर बसते, तिची दीर्घ देखभाल २०२८ च्या जूनपर्यंत आखलेली. डीव्हीडीएवढी फाइल मुंबईत उतरवून पेनड्राइव्हवर नेली की अहेरीत नेट नसतानाही सगळं बसतं. अँटीएक्स ग्रीसमधून चालते. ती आपल्या आवृत्त्यांना लढणाऱ्यांची नावं देते. १९ व्या आवृत्तीला मारिएल फ्रँकोचं नाव आहे. ही ब्राझीलची काळी नगरसेविका, २०१८ मध्ये तिला गोळ्या घातल्या. २०२३ च्या आवृत्तीला १९२१ साली मुसोलिनीच्या टोळ्यांशी भिडलेल्या इटालियन पथकांचं नाव. नाव बघून प्रणाली निवडू नये. पण पेंटियमवर चालू झाल्यावर ती दोनशे एमबीच्या आसपासच मेमरी खात होती, म्हणजे निम्म्याहून जास्त पोरांसाठी शिल्लक. तेव्हा नावही गोड लागलं.

म्हणून पेंटियमवर आणि छोट्या लॅपटॉपवर अँटीएक्स, कोअर २ ड्युओवर डेबियन. दोन्हींची कमांड एकच, वही एकच. एका मशीनवर शिकलेलं दुसऱ्यावर चालतं. आमच्या निवडीचं हे सर्वात मोठं कारण. वेग नंतर.

मराठीचं सांगतो, कारण मराठी उमटत नसेल तर आपल्याला मशीन काय चाटायचं? इनस्क्रिप्टचा कळफलक १९९१ च्या भारतीय मानकातला, तो या प्रणालींत मुळातच असतो, वेगळा प्रोग्राम चढवून मेमरी खर्चायला नको. फॉन्ट फुकट मिळतात. मी कुठल्याही मशीनची परीक्षा एका शब्दानं घेतो: 'दुसऱ्या'. त्यातला अर्धा ऱ नीट उमटला की मशीन पास. आणि एक गोष्ट सांगताना अंगावर काटा येतो. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. नोटो फॉन्टचं गाठोडं टाकलं आणि पेंटियमच्या काचेवर मसराम गोंडीची अक्षरं उभी राहिली. जे मशीन मेलं म्हणून जाहीर झालं होतं त्यावर, जी भाषा लिपीशिवाय आहे असं म्हणत आले तिची अक्षरं. पोरं काही बोलली नाहीत. बघत राहिली.

मराठी मेनूत फोल्डरला 'संचयिका' म्हटलेलं आहे. पोरगी म्हणाली, "दादा, हे कायले असं लिवलं जी? थैली म्हणाव की." तिला म्हटलं, बदलायचा हक्क तुलाही आहे. ही भाषांतरं आकाशातून पडत नाहीत, बसून कोणीतरी लिहितं, आणि दुरुस्ती कोणालाही पाठवता येते. बंद प्रणालीत हे वाक्य मला उच्चारता आलं नसतं.

पण दोस्तांनो, मुक्त म्हणजे वाऱ्यावर नाही. ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स १९९१ मध्ये जन्मलं त्या ३८६ ला लिनक्सनं २०१२ मध्ये घराबाहेर काढलं. आता ३२-बिटीची पाळी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आली, तिला ३२-बिटी मशीनवर बसवायची सोयच नाही. क्रोमनं ३२-बिटी लिनक्स २०१६ मध्येच सोडलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये फायरफॉक्सनंही १४५ व्या आवृत्तीपासून सोडलं. जुन्या मशीनचा जीव प्रणाली घेत नाही, ब्राउझर घेतो. ५१२ एमबीत प्रणाली मांडी घालून बसते, पण एक सरकारी फॉर्म उघडला की मशीन धापा टाकतं. म्हणून आमच्याकडं फॉर्म कोअर २ ड्युओवर, लिहिणं-शिकणं बाकी दोनवर. कामाची वाटणी आहे, उतरंड नाही.

दारं का बंद होतात? लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे बहुतेक जण आज मोठ्या कंपन्यांच्या पगारावर आहेत. कंपनीला पेंटियम ४ मध्ये काय मिळणार? उरतात स्वयंसेवक. ते कमी पडले की जुन्या मशीनला वाली नाही. फुकट घेणारे लाख, हात लावणारे मूठभर. यात आपण कुठं आहोत? घेणाऱ्यांत. हे बदलायचं तर आपल्या खोल्यांतून हात तयार व्हायला हवेत. आणि इथं माझी गोष्ट येते.

मशीनं लावली, पोरांना शिकवलं, या अंकाचा मजकूर पेंटियमवर टाईप होत होता. रूटचा पासवर्ड मी ठेवला. फक्त मी. का? पोरं बिघडवतील म्हणून. मेमरी वाचावी म्हणून घड्याळ नेटवरून जुळवणारी सेवाही मी बंद केली, शहाणा ना मी! आणि मुंबईला गोदीत परतलो.

पंधरा दिवसांत फोन. "दादा, मशीन उठत नाय. काळ्या पडद्यावर काहीतरी मागते." झालं होतं एवढंच, की मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला. सीआर२०३२, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडं मिळतो. सेल मेला आणि मशीन उठलं ते २००४ सालात जाऊन. डिस्कवर नोंद २०२५ ची. प्रणाली गोंधळली, या डिस्कची शेवटची नोंद भविष्यातली कशी? तिनं दार अडवलं आणि विचारलं: दुरुस्ती करायची असेल तर रूटचा पासवर्ड द्या.

पासवर्ड माझ्याकडं. फोनवर दहा सेकंदात सांगता आला असता. मी सांगितला नाही. म्हणालो, हात लावू नका, मी येतो. सुट्टी मिळाली नाही. दीड महिना मशीन काळा पडदा दाखवत बसलं, अंकाचा मजकूर त्याच्या पोटात, पोरं दारात. विचारांचं कुलूप तोडायच्या गप्पा छापणारा मी, कमरेला किल्ली लावून पुजारी झालो होतो.

गेलो तेव्हा काम पाच मिनिटांचं निघालं. सेल बदलला, तारीख लावली, डिस्क तपासायची कमांड दिली. मशीन उठलं. ज्या पोरीचे शब्द गेले होते तीच शेजारी उभी होती. म्हणाली, "एवढंच होतं? मग आमाले सांगाले का झालं होतं जी?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. त्या दिवशी पासवर्ड बदलला, आणि नवा तिनं ठेवला. तिच्याकडं आणि आणखी दोघांकडं आहे. माझ्याकडं नाही. वहीत मराठीतून तेवीस कमांड तिच्या अक्षरात आहेत. पहिल्या पानावर सेल कसा बदलायचा त्याचं चित्र. घड्याळाची सेवा पुन्हा चालू केली, थोडी मेमरी खाते, खाऊ दे. हे संपादकीय तुम्ही वाचताय त्याची पानं तिनंच कोअर २ ड्युओवर लावली. ऱ नीट आहे की नाही बघा, आणि नसेल तर तिला कळवा, मला नाही.

तेव्हा कोणती प्रणाली चांगली, असं मला विचाराल तर मी वेगाचा आकडा सांगणार नाही. जी तुम्ही निघून गेल्यावर खोलीतल्या सर्वात धाकट्या पोरीला दुरुस्त करता येते, ती चांगली. आमच्या खोलीत ती डेबियनची जात निघाली. तुमच्या खोलीत नेटबीएसडी निघेल, मला आनंदच आहे.

शहरातल्या मित्रांनो, तुमच्या कपाटावर धूळ खात मशीन पडलं असेल तर फेकू नका. पण नुसतं पार्सल करून दान केल्याचं पुण्यही घेऊ नका. त्याच्याबरोबर आठ दिवस या. एक सेल घेऊन या. वही घेऊन या. आणि जाताना पासवर्ड तिथं ठेवून जा.

जय भीम.